आर१५ ला टायर घेताना: आधी पाऊस बघा, रुंदी नंतर

मे अर्धा सरला की आमच्या ठाण्यातल्या कासारवडवलीच्या पार्किंगमधे संध्याकाळी एकच विषय असतो, पावसाआधी कोणाच्या बाईकचं काय काम काढायचंय. या वर्षी माझ्या यामाहा आर१५ चा नंबर लागला. व्ही३ म्हणजे तिसरं व्हर्जन आहे माझी, आणि मागचा टायर मधोमध इतका सपाट झाला होता की वळणावर बाईक वाकवायला घेतली की आधी वाकायचीच नाही आणि मग एकदम आत पडल्यासारखी जायची. ज्यांचं रोजचं रनिंग सरळ रस्त्यावर आहे त्या सगळ्यांचं हेच होतं, घोडबंदर रोड काय नि ठाणे-बेलापूर रोड काय, वळणं आहेतच कुठे, मधलं रबर झिजत जातं आणि कडा नव्यासारख्या राहतात. मग लोक साइडने बघतात, अरे नक्षी दिसतेय की अजून, काढू आणखी एक पावसाळा. नका काढू, कळकळीने सांगतोय.

बघायचं कुठे तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावर, बारीक अक्षरात टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत वर गेलात की खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो, बाजूचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या लेव्हलला आलं की टायर संपला. आपल्या मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खाच कमीत कमी ०.८ मिमी हवी, चारचाकीला १.६. पण ०.८ ही कायद्याची शेवटची पायरी झाली, पाणी बाजूला सारायची ताकद त्याच्या बरीच आधी कमी होते, म्हणून मी जूनच्या तोंडावर मधली खाच दीड-दोन मिमीच्या खाली गेलेली दिसली की टायर ठेवत नाही. सरासरी तारीख धरली तर मुंबईत पाऊस ११ जूनला येतो, ठाण्यात तेव्हाच, आणि पहिल्या सरीचा रस्ता सगळ्यात वाईट असतो कारण आठ महिन्यांचं ऑइल आणि धूळ वर येते आणि ते वाहून जायला दोन-चार जोरदार पाऊस लागतात. त्यामुळे टायर बदलायचा तर मे मधेच.

आता मुद्द्याचं. स्पोर्ट्स बाईक म्हटलं की टायरच्या गप्पा लगेच चिकन स्ट्रिप (बाईक पुरेशी न वाकवल्यामुळे टायरच्या कडेला राहिलेली न घासलेली पट्टी), सॉफ्ट कंपाउंड म्हणजे मऊ रबराचं मिश्रण, ट्रॅक, गुडघा टेकवणं इकडे जातात. मला पण आवडतं ते सगळं, पण आपण चालवतो कुठे ते बघा ना. मी रोज कासारवडवलीहून माजिवडा, कळवा पूल, विटावा करत ऐरोलीला जातो. या एका रस्त्यावर काय काय आहे, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटी, पेव्हर ब्लॉकने बुजवलेले खड्डे, सिमेंटचा पट्टा संपून अचानक डांबर, सिग्नलपाशी जाड पांढरे पट्टे, विटाव्याला रेल्वे पुलाखाली तुंबलेलं पाणी, आणि मधेच कंटेनरने सांडलेलं डिझेल. वर्षातले चार महिने हे सगळं ओलं. वीकेंडला जुन्या हायवेने खोपोलीवरून लोणावळा किंवा मुरबाडवरून माळशेज, आणि तेही कधी तर पावसातच, कारण घाट बघायचा तो पावसात. म्हणजे माझ्या टायरची खरी परीक्षा होते ती ओल्या रस्त्यावर, गार रबर असताना, अर्धवट ब्रेक दाबून. कोरड्या वळणावर टायर किती वाकू देतो हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि त्यात आजकालचा कुठलाही चांगला टायर आपल्यासारख्यांना पुरून उरतो.

गार रबर हा शब्द लक्षात ठेवा. अगदी रेसकडे झुकलेलं कंपाउंड असतं ना, त्याला पकड द्यायला उष्णता लागते. ट्रॅकवर चार राउंड मारले की येते ती. मानपाड्याच्या सिग्नलला पावसात उभं राहून, पुढे दोनशे मीटर जाऊन परत उभं राहून ती कुठून येणार? उलट ज्या कंपाउंडमधे सिलिका जास्त असते ते कमी तापमानाला पण मऊ राहतं आणि ओल्यात रस्त्याला धरून राहतं, म्हणून टूरिंगवाल्या आणि पावसाळी टायरमधे सिलिकावर इतका भर असतो. हे ज्याला समजलं त्याची अर्धी निवड झाली.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण टीव्हीएसचं अपाचे आरआर ३१०. २०१७ ला आली तेव्हा मिशेलिन पायलट स्ट्रीट रेडियल होते. २०२० ला बीएस६ मॉडेल आलं तेव्हा टीव्हीएसने त्यावर मिशेलिन रोड ५ घातले. रोड ५ हा स्पोर्ट टूरिंग टायर, त्याची ख्यातीच ओल्या रस्त्यासाठी. त्याच्या बारीक चिरा वरून अरुंद आणि आत रुंद कापलेल्या असतात, म्हणजे टायर झिजत जातो तसं चिरेचं तोंड मोठं होतं आणि पाणी घ्यायची जागा टिकून राहते. अशा चिरा साध्या साच्यातून निघत नाहीत, त्यासाठी साच्याचे भाग मेटल प्रिंटिंगने बनवतात. विचार करा, जी कंपनी इतकी वर्षं रेसिंग करतेय तिने आपल्या फुल फेअरिंगच्या, म्हणजे पूर्ण आवरण असलेल्या, स्पोर्ट्स बाईकला पावसाचा टायर दिला. आणि तरी ती बाईक ट्रॅकवर लोक मजेत पळवतात. मला तेव्हापासून कोणी म्हटलं की स्पोर्ट्स बाईकला स्पोर्ट्सच टायर पाहिजे तर मी आरआर ३१० दाखवतो.

तर मी हे डोक्यात ठेवून दुकानं फिरलो. पहिल्याच दुकानात माणूस म्हणाला, "दादा, एकशेचाळीस कशाला, दीडशे टाकून देतो, मागून लूक बघा काय येतो." मी म्हटलं साइज कंपनीचीच पाहिजे. तर म्हणे "सगळे टाकतात, काय नाय होत." हे "काय नाय होत" मला पटत नाही, कारण काय होतं ते साध्या गणितात दिसतं. आर१५ चा मागचा टायर १४०/७० आर १७. म्हणजे रुंदी १४० मिमी, उंची रुंदीच्या ७० टक्के म्हणजे ९८ मिमी. दीडशेचा जो सहज मिळतो तो १५०/६०, त्याची उंची ९० मिमी. म्हणजे मागचं चाक व्यासात १६ मिमीने लहान झालं आणि बाईक मागून ८ मिमीने खाली बसली. मागून खाली बसली की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, तेवढा आडवा होतो, वळताना हँडल जड लागतं, म्हणजे ज्या गोष्टीसाठी आर१५ घेतली तीच थोडी गेली. घेर अडीच टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे इंजिन त्याच स्पीडला तेवढं जास्त फिरणार. वर रिम तीच, रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि टायरचा आकार मधे टोकदार होतो, मग वाकवलेल्या बाईकला रस्त्यावर टेकायला जागा वाढते हे पण खरं राहत नाही. आणि पाण्यात रुंद टायर जास्त पाणी अंगावर घेतो, त्याला ते बाजूला सारायला वेळ लागतो. एवढं सगळं फक्त मागून जाडजूड दिसण्यासाठी. ज्यांच्या बाईकला मुळातच १५०/६० आहे, केटीएमची आरसी ३९० किंवा आरआर ३१०, त्यांनी तोच घालावा, त्यांची रिम त्यासाठीच आहे. रिमवर तिची रुंदी छापलेली असते आणि टायर कंपनीच्या चार्टमधे कुठल्या रुंदीच्या रिमला कुठला टायर चालतो ते दिलेलं असतं, दुकानदारावर ठेवायची गरजच नाही.

साइजच्या पुढे आणखी दोन आकडे-अक्षरं असतात ते पण वाचा. माझ्या मागच्या टायरवर ६६एच आहे. ६६ म्हणजे टायर ३०० किलो वजन पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. पुढच्या टायरवर ५२पी, म्हणजे २०० किलो आणि ताशी १५०. लोक म्हणतात आर१५ कुठे २१० जाते, मग एसवाला, म्हणजे ताशी १८० चा, घेतला तर काय बिघडलं. मी म्हणतो कंपनीने दिलंय त्याच्या खाली उतरायचं नाही, वर गेलं तर चालेल. मागे माणूस बसलेला, सॅक भरलेली, भर मेमधे डांबर तापलेलं, अशा वेळी ती वरची जागा उपयोगी पडते.

पुढच्या टायरचा घोळ मात्र खरा आहे आणि यावर मी जास्त डोकं लावलं. आर१५ ला कंपनीने पुढे १००/८०-१७ दिलाय, मधे आर नाही, म्हणजे बायस, आणि मागे रेडियल. बायसमधे आतले धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात, रेडियलमधे ते एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरळ आडवे जातात आणि वर पट्टा असतो. रेडियलची साइड लवचिक राहते, कमी तापतो, रस्त्याला जास्त टेकतो. मग पोरं काय करतात, पुढे पण रेडियल पाहिजे म्हणून ११०/७० आर १७ घालतात, कारण त्या साइजमधे ड्यूक, आरसी, निन्जा या बाईकमुळे निवड भरपूर आहे. व्यासात फरक सहा मिमीचा, फार नाही. पण परत रिमचा प्रश्न, मडगार्डमधली जागा, आणि पुढचा टायर जरा जड झाला की आर१५ चं ते हलकं वळणं बदलतं. काहींना आवडतं ते, हायवेला स्थिर वाटते म्हणतात. मी नाही केलं. पुढे बायस आणि मागे रेडियल ही जोडी स्वतः यामाहाने दिलेली आहे त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट म्हणजे पुढे रेडियल आणि मागे बायस हे मात्र करू नका, मागचा पुढच्यापेक्षा कमी पकड धरणारा होतो.

आणि हो, पुढचा टायर अजून चांगला आहे म्हणून फक्त मागचा बदलायचा हा विचार पावसाआधी दोनदा करा. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं, थांबवायचं मोठं काम पुढचंच चाक करतं, आणि मागचं चाक घसरलं तर सावरायला संधी मिळते, पुढचं घसरलं तर बहुतेक वेळा नाहीच मिळत. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे की, असं आमच्या शेजारच्या विंगमधला आरसीवाला पोरगा म्हणतो. मी त्याला म्हटलं, बाळा, एबीएस पकड बनवत नाही, टायरकडे जेवढी आहे तेवढी वाया जाऊ देत नाही इतकंच, टायरकडेच नसेल तर तो काय करणार. माझा पुढचा झिजलेला नव्हता पण साइडवॉलला बारीक तडे दिसायला लागले होते, उन्हात उभी राहते बाईक ऑफिसला, म्हणून दोन्ही बदलले.

आता कुठला घेतला. १४०/७० आर १७ मधे डोळ्यासमोर होते एमआरएफ, अपोलो अल्फा एच१, मिशेलिन पायलट स्ट्रीट रेडियल, आणि मेट्झेलर-पिरेली. मेट्झेलर मी मनातून आधीच बाजूला ठेवला होता. टायर उत्तम, ड्यूक ३९० वर आधी यायचे तेव्हापासून लोक त्यांची आठवण काढतात, पण सरकारने जून २०२० मधे बाहेरून येणाऱ्या नव्या टायरवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हापासून हवी ती साइज हवी तेव्हा मिळेलच असं नसतं, आणि मिळाला तर बनवल्याची तारीख जुनी निघू शकते. शिवाय मऊ रबर, माझं रोजचं रनिंग बघता दोन पावसाळे पण काढणार नाही. ज्याची बाईक फक्त रविवारी निघते त्याने जरूर घ्यावा. एमआरएफ टिकायला भारी आणि कुठल्याही गल्लीत मिळतो, कंपनीकडून बाईकवर आलेला तोच होता माझा आणि त्याने कोरड्यात कधी त्रास दिला नाही, पण लोखंडी प्लेटवर, पांढऱ्या पट्ट्यावर ओल्यात माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही, हे माझं मत आहे, कोणाचं वेगळं असू शकतं. अल्फा एच१ आणि मिशेलिन यात शेवटपर्यंत अडकलो होतो. आमच्या आरसीवाल्याकडे एच१ आहे, तो खूष आहे, रविवारी त्याची बाईक घेऊन गायमुखपर्यंत जाऊन आलो, घाटात मस्त धरते. शेवटी मिशेलिन घेतला तो दोन कारणांनी, एक तर ऑफिसमधल्या दोघांनी पायलट स्ट्रीट वर पूर्ण पावसाळे काढलेत याच ठाणे-बेलापूर रोडवर, आणि दुसरं म्हणजे पुढच्या १००/८०-१७ मधे पण पायलट स्ट्रीट मिळतो, त्यामुळे दोन्हीकडे एकाच घरचे टायर झाले. सिएटचा कारखाना इथे भांडुपलाच आहे, त्यांचेही स्पोर्ट्स बाईकचे टायर आता येतात, ते पण बघायचे होते पण दुकानात माझ्या साइजमधे नव्हते. आणि एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिल बघून घ्या तेवढं नीट लागलंय का.

पैसे द्यायच्या आधी टायर हातात घेऊन तारीख बघा. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२४ असेल तर २०२४ चा पस्तिसावा आठवडा. एका दुकानात मला नेमका असाच पावणेदोन वर्षं पडून असलेला टायर काढून दिला, किंमत नव्याचीच. सावलीत नीट ठेवलेला टायर लगेच खराब होत नाही हे मान्य, पण त्याच पैशात या वर्षीचा मिळत असताना तो मी का घ्यायचा? मी "ताजा माल आला की सांगा" म्हणून निघालो आणि दुसरीकडे या वर्षीचा मिळाला. आयएसआयचा शिक्का पण बघून घ्या, भारतात विकायचा तर तो लागतोच.

बसवताना समोर उभे राहा. मशीनवर बसवणारं दुकान असेल तिथेच जा, टॉमीने उचकटून काढताना अलॉयच्या कडेला खरचटतं आणि ट्यूबलेसमधे तिथूनच हळूहळू हवा जाते. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो नीट बघा, घाईत उलटा बसवलेला मी दुसऱ्याच्या बाईकला बघितलाय आणि खाचा पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी मधे ओढतात मग. पिवळा ठिपका असेल तर तो वाल्वपाशी यायला हवा, ती टायरची हलकी बाजू असते. वाल्व नवीन टाकून घ्या, किरकोळ खर्च आहे. हवा भरताना टायरची कड रिमवर बसल्याचा ठोका येतो दोन्ही बाजूंनी, नंतर रिमजवळची बारीक रेघ चाकभर सारख्या अंतरावर दिसते का ते फिरवून बघा. बॅलन्सिंग करून घ्या, पुढच्याचं तर नक्कीच, नाहीतर ऐंशीच्या पुढे हँडल थरथरतं. मागचं चाक परत लावलं की स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना आणि चेनचा ढिलेपणा बरोबर आहे ना ते तिथेच तपासा, चाक तिरकं बसलं तर नवा टायर पण वेडावाकडा झिजेल. एबीएसच्या चकतीला आणि सेन्सरला धक्का लागू देऊ नका.

नवीन टायर पहिले दीडशे किमी तरी गुळगुळीत असतो, वरचा थर रस्त्याने घासून निघेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. म्हणून मी पाऊस यायच्या आधी बसवायचं म्हणतो, तो थर कोरड्यात निघून गेला पाहिजे. कोणी सँडपेपरने घासतात, गरज नाही, सावकाश चालवा, रोज थोडं थोडं जास्त वाकवा, पहिले काही दिवस एकदम ब्रेक आणि एकदम थ्रॉटल टाळा.

पावसात कसे निघाले ते विचाराल तर परवा वळवाचा मोठा शिडकावा झाला, संध्याकाळी येताना कळवा पुलावरून उतरताना रस्ता ओला गार होता, पुढे रिक्षा थांबली, दोन्ही ब्रेक दाबले आणि बाईक सरळ रेषेत थांबली, एबीएस वाजला पण नाही. एका संध्याकाळवरून निकाल नको, पण सुरुवात आवडली मला. प्लेटवर अजून सांभाळूनच जातो, ओल्या लोखंडावर कुठलाच टायर जादू करत नाही, तिथे बाईक सरळ ठेवायची आणि ब्रेक प्लेटच्या आधी संपवायचा.

हवा कंपनीच्या स्टिकरवर दिलीय तेवढीच, थंड टायरला, म्हणजे घरून निघाल्यावर पहिल्या पंपावर. पावसात कमी ठेवली की ग्रिप वाढते असं बरेच जण सांगतात, ते ओल्या रस्त्याला लागू होत नाही, कमी हवेने खाचा दबून बंद होतात आणि पाणी जायला वाट राहत नाही, वर खड्ड्यात रिम वाकायची भीती वेगळी. नायट्रोजन फुकट मिळाला तर भरा, पैसे देऊन भरायची गरज नाही, साध्या हवेत पण ७८ टक्के तोच असतो. आणि जुने टायर दुकानातच सोडून या, गॅलरीत किंवा गच्चीवर टाकून ठेवलेल्या टायरमधे पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच होतात. आमच्या सोसायटीत गच्चीवर असे तीन-चार पडलेत, या रविवारी तेही मी भंगारवाल्याला देणार आहे.